स्टीअरिंगचा लाल दिवा आणि बॅटरीखालची अर्थ केबल: 14 वर्षांच्या ग्रांदे पुंटोचं एक प्रकरण

गाडी आणि तक्रार

फियाट ग्रांदे पुंटो, 1.4 लिटर 8 व्हॉल्व्ह पेट्रोल, पाच गिअर. वय 14 वर्षं, धाव 1,38,000 किलोमीटर, पहिल्या दिवसापासून एकाच घरात. मुख्य तक्रार स्टीअरिंगची. गार, दमट सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ रेंगाळत फिरतो आणि मीटरचे काटे क्षणभर शून्यावर पडून पुन्हा उठतात. इंजिन सुरू होतं, पण स्टीअरिंगचा लाल दिवा लागलेलाच राहतो आणि स्टीअरिंग एकदम जड होतं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा दिवा जातो. मग काही दिवस सगळं सुरळीत चालतं, आणि अचानक एकाच आठवड्यात तीन-चार वेळा तोच प्रकार. कधी जोडीला एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवाही लागतो. पार्किंगमध्ये जागच्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवलं की हेडलाइट मंद होतात.

याशिवाय तीन किरकोळ तक्रारी होत्या. मागचा वायपर बंद, डिकीचं बटण कधी चालतं कधी नाही, आणि लांबच्या प्रवासात तापमानाचा काटा मध्यावर टिकत नाही.

स्कॅनर, म्हणजे युनिटमध्ये साठलेले दोष वाचणारं यंत्र, लावल्यावर स्टीअरिंगच्या कंट्रोलरमध्ये, एबीएसमध्ये आणि बॉडी कॉम्प्युटरमध्ये (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारं युनिट) मिळून बरेच एरर निघाले. त्यात कमी व्होल्टेजचे होते, एका युनिटचा दुसऱ्याशी संपर्क तुटल्याचे होते, आणि एक स्टीअरिंगवरचा हाताचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरचाही होता. या शेवटच्या एररवर बोट ठेवून पूर्ण स्टीअरिंग कॉलम, म्हणजे चाकामागचा दांडा मोटर आणि सेन्सरसकट, बदलायचा सल्ला देण्यात आला. गाडीच्या त्या दिवशीच्या किमतीच्या मानाने हा खर्च एवढा मोठा होता की मालकासमोर दोनच रस्ते उरले: कॉलम टाकायचा, नाहीतर गाडी काढून टाकायची.

म्हणून प्रश्न फक्त दुरुस्तीचा नव्हता. ही गाडी ठेवण्यासारखी आहे का, आणि ठेवायची तर पैसे कोणत्या क्रमाने घालायचे, हे ठरवायचं होतं.

गाडीची जात

ग्रांदे पुंटो 2005 साली फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये आली. रेखाटन जुजारोंच्या इटालडिझाइनचं आणि फियाटच्या स्वतःच्या स्टुडिओचं, बांधणी इटलीत मेल्फीच्या कारखान्यात. लांबी 4.03 मीटर, म्हणजे त्या काळच्या हॅचबॅकमध्ये ती मोठीच. प्लॅटफॉर्म जनरल मोटर्सच्या जोडीने तयार झाला होता, त्यामुळे ओपेल कोर्साच्या त्याच काळातल्या पिढीशी तिचं जवळचं नातं आहे.

1.4 लिटरचं हे इंजिन फियाटच्या फायर घराण्यातलं. हे घराणं 1985 साली ऑटोबियांकी वाय10 मधून सुरू झालं. 1,368 सीसी, 77 पीएस, व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट, त्याला क्रँकशी जोडून फिरवणारा टायमिंग बेल्ट, आणि याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप. इंजिनचा कोड 350ए1.000. सुटे भाग घेताना हा कोड आणि चासी नंबर दोन्ही सांगावेत. एकाच वर्षाच्या दोन पुंटोंमध्ये ब्रेक, गिअरबॉक्स आणि वायरिंग वेगळं असू शकतं.

स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. कॉलमवरच मोटर बसवलेली असते आणि टॉर्क सेन्सर हाताचा जोर मोजून मोटरला किती मदत करायची ते सांगतो. भारतात 2009 पासून रांजणगावला बनलेल्या पुंटोमध्ये मात्र हायड्रॉलिक स्टीअरिंग होतं. त्या गाडीला इथला कॉलमचा भाग लागू नाही. अर्थिंगचा (बॅटरीचा नेगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडण्याचा), डिकीच्या वायरींचा आणि कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) भाग तिलाही लागू पडतो.

संशय कुठे घेतला आणि का

कॉलम खराब असेल तर दोष कॉलमपुरता राहतो. इथे स्टीअरिंग, एबीएस आणि मीटर अशी तीन वेगळी युनिट एकाच क्षणी तक्रार करत होती, आणि तो क्षण नेहमी एकच होता: सेल्फ मारण्याचा. सेल्फ सुस्त फिरण्याशी टॉर्क सेन्सरचा काही संबंध नाही. पार्किंगमध्ये दिवे मंद होणं हा दुसरा धागा. आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र) जेवढा करंट देऊ शकतो त्याहून जास्त स्टीअरिंगच्या मोटरला क्षणभर लागतो, आणि उरलेला बॅटरीतून यावा लागतो. तो येत नसेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिथून गाडीपर्यंतचा रस्ता.

कमी व्होल्टेजमध्ये एररची यादी वाचण्यात एक धोका आहे. व्होल्टेज कोसळलं की प्रत्येक युनिट आपल्याला जे विचित्र दिसलं ते लिहून ठेवतं. टॉर्क सेन्सरला मिळणारा पुरवठा डळमळला तर त्याचं रीडिंग चुकतं आणि कंट्रोलर सेन्सरलाच दोष देतो. यादीत सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर मेला असं होत नाही. आधी व्होल्टेज तपासायचं, एरर पुसायचे, आणि पुरवठा नीट झाल्यावर जे परत येतील तेवढेच खरे धरायचे.

मोजमाप

लागणारी साधनं थोडी: कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा धरून ठेवणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, लांब वायरींचे प्रोब आणि मदतीला एक माणूस. इंजिन सुरू न होता नुसतं फिरावं म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून जास्त मारायचा नाही, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबायचं.

पहिलं रीडिंग रात्रभर उभ्या गाडीचं, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये: 12.45 व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. ही पाऊण भरलेली होती. चांगली नाही, पण मेलेलीही नाही.

दुसरं, सेल्फ फिरत असताना पुन्हा त्याच दोन टोकांमध्ये: 10.6 व्होल्ट. बॅटरीला नापास करायला हा आकडा 9.6 च्या खाली जावा लागतो. म्हणजे बॅटरी आपलं काम करत होती, तरी सेल्फ सुस्त होता. बॅटरी बदलून प्रश्न सुटेल असं समजणाऱ्याने इथे थांबून विचार करावा, कारण बहुतेकदा पहिला खर्च इथेच वाया जातो.

तिसरं रीडिंग निर्णायक. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या नेगेटिव्ह खांबावर ठेवला. क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पचा जोडही मोजमापात येतो. दुसरा प्रोब इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. सेल्फ मारला: 1.6 व्होल्ट. इथे 0.2 पर्यंत चालतात. मग दुसरा प्रोब बॉडीच्या धातूवर नेला: 1.5 व्होल्ट. शेवटी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये: फक्त 0.1.

या तीन आकड्यांनी जागा नेमकी सापडते. इंजिन आणि बॉडी एकमेकांशी नीट जोडलेले आहेत, पण दोघेही बॅटरीपासून सारख्याच प्रमाणात तुटलेले आहेत. म्हणजे दोष दोघांच्या सामाईक तुकड्यात, बॅटरीच्या नेगेटिव्हपासून पहिल्या जोडापर्यंत. बॅटरीवर 10.6 दिसत असताना बॉडीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सला जेमतेम 9 व्होल्ट मिळत होते. काटे पडणं, एबीएसचा दिवा आणि स्टीअरिंगने मदत बंद करणं, सगळ्याचा उलगडा इथे होतो. कंट्रोलरने एकदा मदत बंद केली की सहसा इग्निशन बंद करून पुन्हा लावेपर्यंत तो ती देत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी गाडी सुरू केल्यावर दिवा जायचा.

पॉझिटिव्ह बाजूही तपासली. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत 0.25 व्होल्ट, आणि तिथे 0.5 पर्यंत ठीक मानतात. हिशोब जमतो: 10.6 मधून 1.6 आणि 0.25 गेले की सेल्फला उरतात 8.75.

फ्यूज परत बसवून इंजिन सुरू केलं आणि 1,500 आरपीएमला चार्जिंग पाहिलं. अल्टरनेटरच्या टर्मिनल आणि त्याच्याच कवचामध्ये 14.1 व्होल्ट, बॅटरीवर मात्र 13.5. अल्टरनेटर निर्दोष होता, पण त्याची मेहनत बॅटरीपर्यंत पूर्ण पोचत नव्हती. रोजच्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये बॅटरी कधी भरतच नव्हती, आणि पाऊण भरलेली बॅटरी गार सकाळी त्याच खराब केबलमधून सेल्फ ओढत होती. दोष हळूहळू वाढत गेला तो असा.

ओहममीटरवर केबल ठीक का दिसते

याआधीच्या तपासणीत हीच केबल मीटरच्या ओहम रेंजवर तपासून ठीक ठरवली गेली होती. ही चूक सर्रास होते. 1.6 व्होल्टची घट साधारण 100 अँपिअरला आली असं धरलं तर केबलचा रोध येतो 0.016 ओहम. मीटरच्या प्रोबचाच रोध 0.2 ते 0.3 ओहम असतो. त्याच्यात 0.016 दिसणार कसा? शंभर तारांपैकी पाच तारा शाबूत असल्या तरी ओहममीटर आणि कंटिन्युइटीची पिपाणी दोन्ही केबलला पास करतात. जाड केबल करंट वाहत असतानाच तपासायची, आणि ओहम न मोजता व्होल्टची घट मोजायची.

केबल उघडल्यावर

या गाडीत नेगेटिव्ह केबल बॅटरीच्या ट्रेखाली उतरते, तिथे एका लगने (केबलच्या टोकाची भोक असलेली धातूची पट्टी) बॉडीला बोल्ट होते आणि पुढे गिअरबॉक्सच्या कवचाकडे जाते. बॅटरी आणि ट्रे काढल्याशिवाय तो लग दिसत नाही. जागा ओली राहणारी. वरून बॅटरीची वाफ, खालून रस्त्याचं पाणी. बाहेरून केबलचं काळं आवरण धड होतं. लगजवळ बोटाने दाबल्यावर मात्र ते पोकळ, फुगलेलं लागलं. आवरण चिरलं तर बॅटरीकडून येणाऱ्या बाजूच्या तारा हिरव्या-पांढऱ्या भुकटीत गेलेल्या होत्या, आणि चांगलं तांबं मधल्या गाभ्यात तेवढं उरलेलं होतं. गिअरबॉक्सकडे जाणारी बाजू अजून लालसर, निरोगी.

नुसता बोल्ट घासून घट्ट केला असता तर काही उपयोग झाला नसता. गंज लगच्या आत, क्रिंपमध्ये, म्हणजे लग तारांवर दाबून बसवलेल्या जागी होता, आणि तांब्यातला गंज आवरणाखालून वर चढत जातो. अशी केबल कापून नवा लग लावण्यापेक्षा पूर्ण बदलावी.

दुरुस्ती

इग्निशन बंद करून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे सगळी युनिट झोपी जातात. आधी नेगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह, आणि बसवताना उलट क्रम. नवी केबल 35 चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची घेतली. स्वस्तात मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल इथे चालत नाही, ती जास्त रोध देते आणि ओलाव्यात लवकर जाते. लग टिनचा थर असलेले, 8 मिलिमीटर बोल्टचे, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग दोन वर्षांत पुन्हा हाच त्रास देतो. लगच्या मानेवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवली, म्हणजे पाणी तारांमध्ये शिरत नाही.

लांबी जुन्या केबलएवढीच, पण गिअरबॉक्सकडच्या तुकड्यात थोडी ढिलाई ठेवून. इंजिन रबरी माउंटवर हलतं, आणि ताणलेली केबल लगपाशी तुटते.

बॉडीवरची बसण्याची जागा लगच्या व्यासाएवढीच घासून चकचकीत केली, त्याहून जास्त नाही. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असल्याने तिथला बोल्ट हाताने सरळ बसवून मग आवळला, जोर लावून आटे खराब करायचे नाहीत. जोड आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. ती आधी लावायची नाही: धातू धातूला आधी भिडला पाहिजे, ग्रीस फक्त बाहेरचं पाणी अडवायला. ट्रेखालची गंजलेली पट्टी घासून रंगवून घेतली. बॅटरी बाहेरच्या चार्जरने रात्रभर पूर्ण भरली, कारण एवढी मागे पडलेली बॅटरी छोट्या फेऱ्यांमध्ये अल्टरनेटरकडून भरून निघत नाही.

जोडल्यानंतर घड्याळ लावलं, खिडक्यांची एका स्पर्शात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवली, आणि इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. मग सगळ्या युनिटचे एरर पुसले.

दुरुस्तीनंतर नेगेटिव्ह बाजूची घट 1.6 वरून 0.12 व्होल्टवर आली. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर मात्र 10.2 दिसले, म्हणजे आधीच्या 10.6 पेक्षा कमी! हे पाहून घाबरायचं कारण नाही. रस्ता मोकळा झाल्यामुळे सेल्फ आता पूर्ण करंट ओढतो आणि बॅटरी त्या ओझ्याखाली थोडी जास्त वाकते. सेल्फला प्रत्यक्ष मिळणारे व्होल्ट 8.75 वरून 9.8 च्या घरात गेले, आणि फिरण्याचा वेग कानालाच कळला. चार्जिंगमध्ये अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यातला फरक 0.6 वरून 0.25 वर आला.

तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅनर लावला, तेव्हा स्टीअरिंग आणि एबीएस दोन्ही कोरे होते. टॉर्क सेन्सरचा एरर परत आला नाही. कॉलम जुनाच राहिला.

कॉलम खरोखर जातो तेव्हा

या पिढीच्या पुंटोमध्ये कॉलम खराब होतच नाही असं मुळीच नाही. तो जातो, आणि तेव्हा बदलावा किंवा दुरुस्त करून घ्यावा लागतो. ओळखायचं असं: इंजिन चालू असताना कॉलमच्या कनेक्टरवर 13.8 किंवा जास्त व्होल्ट टिकून असतील आणि तरीही पुसलेला टॉर्क सेन्सरचा एरर लगेच परत येत असेल, एका बाजूला स्टीअरिंग हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागत असेल, किंवा सरळ रस्त्यावर ते स्वतःहून एकीकडे ओढत असेल, तर दोष कॉलममध्ये आहे. स्वतःहून ओढणारं स्टीअरिंग घेऊन गाडी चालवू नये. मदत बंद पडली तर स्टीअरिंग जड होतं, पण चाकं हातात राहतात. चुकीच्या दिशेने मिळणारी मदत जास्त धोक्याची.

पुढच्या टायरमध्ये हवा कमी असणंही मोटरवर ओझं टाकतं. जड स्टीअरिंगची तक्रार आली की मल्टिमीटर हातात घेण्याआधी हवा बघावी.

उरलेल्या तक्रारी वेगळ्या मुळाच्या

अर्थिंग सापडलं की गाडीतला प्रत्येक दोष त्याच्याच खात्यावर टाकण्याचा मोह होतो. इथे तसं नव्हतं. केबल बदलल्यानंतरही मागचा वायपर मेलेलाच होता, आणि काटा हायवेला खाली सरकतच होता.

डिकीचं दार आणि छत यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. दार उघडताना-मिटताना तो प्रत्येक वेळी त्याच जागी वाकतो, आणि 10-12 वर्षांनी आतलं तांबं तुटतं, आवरण मात्र शाबूत राहतं. वरून बघून काही कळत नाही. नळी दोन्ही टोकांनी सोडवून एकेक वायर हलक्या हाताने ओढायची. जी रबरासारखी ताणली जाते ती आतून तुटलेली. या गाडीत तीन सापडल्या: वायपरची, डिकीच्या लॉकची, आणि नंबर प्लेटच्या दिव्याची, जी अजून अर्धवट चालत होती. तुटल्या जागी सोल्डरचा जोड द्यायचा नाही, कारण सोल्डर घातलेली वायर ताठ होते आणि शेजारीच पुन्हा तुटते. सिलिकॉनच्या आवरणाची लवचिक वायर घेऊन नळीच्या दोन्ही बाजूंना, न वाकणाऱ्या भागात जोड द्यावे, आणि तेही एकमेकांच्या पुढेमागे, म्हणजे गाठ जमत नाही. तीन तुटल्या असतील तर बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. नळी एकदा उघडलीच आहे तर सगळ्या बदलून घ्याव्यात.

तापमानाचं निदान सोपं. स्कॅनरवर कूलंटचं तापमान चालू गाडीत पाहिलं: गावात 88 अंशांपर्यंत चढतं, मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की 68-70 वर घसरतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलेला. गाडी तापत नाही म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात, पण थंड इंजिनला कंट्रोलर जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि हीटर कोमट वाहतो. फायर इंजिनमध्ये थर्मोस्टॅट हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो आणि बाहेरच्या कवचासकट बदलतात. तो त्याच दिवशी न बदलता पुढच्या, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाच्या कामाला जोडला, कारण कूलंट तेव्हाही काढावा लागणारच होता.

वाचलेले पैसे टायमिंग बेल्टवर

कागदपत्रं चाळताना असं दिसलं की टायमिंग बेल्ट 62,000 किलोमीटरला, सात वर्षांपूर्वी बदललेला होता. कंपनीची मर्यादा 1,20,000 किलोमीटर किंवा पाच वर्षं, आणि गावातल्या वापराला किंवा कडक हवामानात चार वर्षं. किलोमीटरच्या हिशोबाने बेल्टचं बरंच आयुष्य बाकी होतं, वर्षांच्या हिशोबाने ते दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं. कमी फिरणाऱ्या घरगुती गाड्यांमध्ये नेमकं हेच निसटतं. या 1.4 इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सुटले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. जुन्या 1.2 फायरबद्दल जे ऐकलेलं असतं, की बेल्ट तुटला तरी काही होत नाही, ते इथे धरून चालू नये.

स्टीअरिंगच्या दिव्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती, पण गाडीचा सगळ्यात मोठा धोका कोणताही दिवा न लावता बेल्टच्या कव्हरमागे बसलेला होता. कॉलमवर पैसे गेले असते तर हे काम लांबलं असतं. आमच्या मते या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय केबलचा नसून हा होता.

काम करताना बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप तिन्ही एकत्र बदलले. उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढून, इंजिनला खालून लाकडी ठोकळ्यासह जॅकचा आधार देऊन त्या बाजूचं माउंट सोडवलं. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या हत्यारांशिवाय हे करू नये, खडूच्या खुणांवर तर नाहीच, कारण कॅमच्या पुलीत व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारा भाग) आहे आणि एखाद्या दाताचा फरक इंजिन सुरू होऊनही कमी ताकदीच्या रूपाने महिनोन्महिने लपून राहतो. पंपाला गास्केट नसून सीलंट लागतं. जुना सीलंट पूर्ण खरवडून नवा पातळ रेघेत लावायचा आणि कूलंट भरण्याआधी डब्यावर दिलेला वेळ सुकू द्यायचा. घाईत भरलं की तिथूनच गळती सुरू होते आणि ती थेट नव्या बेल्टवर येते. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवून टेन्शनरचा काटा आणि लॉक पुन्हा तपासले. नंतर स्कॅनरवरून क्रँकच्या दातेरी चाकाचं रीडिंग इंजिन कंट्रोलरला नव्याने शिकवलं. हे राहिलं तर मिसफायर ओळखण्याची यंत्रणा गोंधळते.

कूलंट लाल, ऑरगॅनिक प्रकारचा, म्हणजे पाराफ्लू यूपी किंवा त्याच दर्जाचा, शुद्ध पाण्यात निम्मा-निम्मा. हिरवा किंवा निळा जुना प्रकार यात मिसळला तर गाळ धरतो आणि हीटरचं रेडिएटर तुंबतं. भरताना हीटरच्या पाइपवरचा हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मोस्टॅट बदलल्यावर तापमान हायवेलाही 87-90 वर टिकलं.

गाडी खालून

गाडी लिफ्टवर असतानाच खालची बाजू नीट पाहिली. फायर इंजिनचा ऑइल सम्प, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, पत्र्याचा असतो, आणि या वयात तो बाहेरून गंजतो. वरवरचा गंज ब्रशने निघाला आणि खाली पत्रा कडक लागला तर रंग देऊन चालवता येतो. खड्डे पडले असतील तर पुढच्या ऑइल बदलाला सम्पही बदलून टाकावा. इथे तो घासून रंगवला. ऑइल प्रेशरचा स्विच पाझरत होता, तो बदलला. हा स्विच स्वस्त आहे, पण त्यातून गळणारं ऑइल बघून लोक मोठ्या सीलवर संशय घेतात आणि गिअरबॉक्स उतरवायला निघतात.

पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचे बुश, म्हणजे जोडातले रबर, फाटलेले होते. बुश वेगळे दाबून बसवण्यापेक्षा पूर्ण आर्म बदलणं परवडतं, बॉल जॉइंटही नवा मिळतो. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. स्टीअरिंग वळवताना होणारा टकटक आवाज वरच्या माउंटच्या बेअरिंगचा निघाला. त्याचा कॉलमशी संबंध नव्हता.

पुढचं वेळापत्रक

इंजिन ऑइल 5डब्ल्यू-40, फिल्टरसह साधारण पावणेतीन लिटर, 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष. एवढ्या लहान सम्पमध्ये अर्धा लिटर कमी पडला तरी तो मोठा वाटा असतो, म्हणून डिपस्टिक महिन्यातून एकदा. ब्रेकचं ऑइल डॉट 4, दर दोन वर्षांनी. गिअरबॉक्सचं ऑइल 75डब्ल्यू-85, जीएल-4 दर्जाचं: कंपनीच्या वेळापत्रकात ते ठळक नाही, तरी 14 वर्षांचं ऑइल बदलणं योग्यच. भरण्याच्या भोकातून बाहेर वाहू लागलं की पातळी पूर्ण. पुढचा टायमिंग बेल्ट आजपासून चार वर्षांनी, किलोमीटर कितीही झाले असोत, आणि तारीख बेल्टच्या कव्हरवर स्टिकरने लिहिलेली.

दर पावसाळ्याआधी बॅटरीचा ट्रे उचलून लग पाहायचा आणि सेल्फ मारताना नेगेटिव्ह बाजूची घट एकदा मोजायची. 0.3 व्होल्टच्या वर गेली की जोड उघडायचा, दिवा लागण्याची वाट बघायची नाही. मोजलेले आकडे सर्व्हिसच्या वहीत तारखेसह राहतात, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाज बांधावे लागत नाहीत.

गाडी ठेवायची की नाही, याचं उत्तर सध्या सबफ्रेमवर, म्हणजे पुढचे आर्म ज्याला बोल्ट होतात त्या खालच्या चौकटीवर आहे. पुढच्या सबफ्रेमवर वेल्डच्या कडेला गंज धरलेला आहे, पण बोथट स्क्रूड्रायव्हरने ठोकल्यावर आवाज अजून टणक येतो. तिथे पत्रा दबायला लागला, किंवा आर्मच्या बोल्टच्या आसपास पापुद्रे सुटू लागले, तर सबफ्रेम बदलण्याचा खर्च मांडून त्या दिवशी नवा हिशोब करावा. तोवर घासून, गंजरोधक प्रायमर आणि वर मेणाचा थर, आणि दर वर्षी लिफ्टवर तीच जागा, तोच स्क्रूड्रायव्हर.